जोडलं की बंद

आत्याला वायरिंगमधलं सगळं कळतं, याबद्दल घरात आणि होड्यांच्या धक्क्यावर कुणाच्याही मनात शंका नव्हती. शंका होती ती एकट्या आत्याच्या मनात, आणि तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

अठ्ठावीस वर्षं ती वायरींच्या कारखान्यात होती. मोटारगाडीच्या आत, पत्र्याच्या मागे वायरींचा एक जाडजूड जुडगा फिरवलेला असतो, त्याला हार्नेस म्हणतात. तो बनवायची रीत अशी : माणसाच्या उंचीचा एक लाकडी फळा, त्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला आकडा. लाल वायर चौदापासून एकतीसपर्यंत न्यायची, पिवळी नऊपासून बावीसपर्यंत, हिरवी-पांढरी वळसा घालून खाली. टोकाला लग, म्हणजे स्क्रूखाली बसणारी पितळी कडी, दाबून बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची, आणि जुडगा उचलून तपासणीच्या टेबलावर द्यायचा. आत्याचा फळा सहा नंबरचा. तिच्या हातचा लग ओढून निघाला, असं एकदाही झालं नाही. कारखाना बंद झाला त्या दिवशी तिला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि हातांना रिकामपण आलं. डोळे मिटून तिला दोन वायरी जाडीवरून ओळखता येत.

पण लाल वायर चौदापासून एकतीसपर्यंत कशाला जाते, हे तिला ठाऊक नव्हतं. हॉर्नची कोणती, दिव्याची कोणती, हेसुद्धा नाही. पहिल्या वर्षी तिने साहेबांना एकदा विचारलं होतं. साहेब म्हणाले, फळ्यावर रंग रंगवलाय ना, मग झालं तर. त्यानंतर तिने विचारलं नाही. घरी आल्यावर लोक म्हणायचे, वा, गाड्यांचं काम करतेस, आणि ती हो म्हणायची. खोटं काहीच नव्हतं त्यात.

तिचा धाकटा भाऊ होडी चालवायचा. नदीचं पात्र तिथे चांगलं रुंद, पूल दूर, त्यामुळे सकाळी पलीकडच्या शाळेच्या बाई, टपालाची थैली, गॅसच्या टाक्या, एखादी सायकल, असं सगळं त्याच्या होडीतून जायचं. होडीच्या मागच्या फळीला टांगलेलं मशीन त्याने जुनंच घेतलं होतं आणि त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. दोरी गुंडाळून झटका द्यायचा, की मशीन सुरू. थंडीत एका झटक्यात भागत नसे, सात-आठ द्यावे लागत. अशाच एका सकाळी सहाव्या झटक्याला त्याच्या उजव्या खांद्यात काहीतरी फाटकन वाजलं. डॉक्टरांनी फोटो काढला, खांद्यातला स्नायू फाटल्याचं सांगितलं, आणि दोरी ओढणं कायमचं बंद केलं. भाऊ दुसऱ्या दिवसापासून डाव्या हाताने ओढायला लागला. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, घर डोक्यावर घेतलं.

तेव्हा त्याने भंगारवाल्याकडून एक गोणी आणली. त्याच जातीचं एक मशीन तिथे सुटं करून ठेवलं होतं, त्याला बटण-स्टार्ट होता. गोणीत सगळं होतं : दाते असलेलं एक वजनदार चाक, छोटी स्टार्टर मोटर, एक रिले, आणि कापून काढलेल्या वायरींचा गुंता. चावीचा स्विच नव्हता, तो त्याने, बॅटरीसकट, एका मोडलेल्या मोटारगाडीतून घेतला. चाक आणि स्टार्टर बसवायचं काम धक्क्यावरच्या फिटरने केलं. वायरींपाशी आल्यावर फिटरने काखा वर केल्या. भाऊ छाती पुढे काढून म्हणाला, घरात वायरवाली असताना बाहेर कशाला हिंडायचं?

गोणी आत्याच्या व्हरांड्यात आली. तिचं घर भावाच्या घराला लागूनच, दोन खोल्या आणि पुढे जाळीचा व्हरांडा. भावाने टेबलावर सगळं ओतलं आणि बरोबर आणलेला कागद तिच्यापुढे ठेवला. वायरींचा नकाशा होता, झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स.

"दोन दिवसांत होईल ना, ताई?" त्याने विचारलं.

मला यातलं कळत नाही, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण भावाचा उजवा हात झोळीत होता, डाव्या हाताला फोड आले होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता. ती म्हणाली, "बघते." त्यांच्या घरात बघते म्हणजे हो.

दोन दिवस ती नुसती बघतच राहिली. नकाशात सहा रंग लिहिले होते. टेबलावरच्या वायरी उन्हाने आणि पाण्याने अशा विटल्या होत्या, की सगळ्या राखाडीच्या जवळपास. एक तांबूस राखाडी, एक निळसर राखाडी, एक नुसती राखाडी. नकाशात स्विचला पाच टोकं, हातातल्या स्विचला तीन. नकाशात एका कोपऱ्यात एक चौकोन, त्यावर नाव नाही, आणि टेबलावर तसा दिसणारा कोणताच तुकडा नाही. तिने कागद उलटा धरून पाहिला, उजेडासमोर धरून पाहिला. कारखान्यात फळा असायचा, आकडे असायचे, आणि सकाळी आठ ते पाच डोक्याला काही त्रास नसायचा. इथे फळाच नव्हता. वायर हातात घेतली की हात आपोआप कुठेतरी न्यायला निघायचा आणि अर्ध्यावर थांबायचा.

एरवी काही न विसरणारी ती बाई त्या दोन दिवसांत तीनदा स्वयंपाकघरात जाऊन आली आणि कशाला आली होती ते विसरली.

तिसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. साहेबही आता घरीच होते. तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, पंचा नेसून मटार सोलत बसलेले. इतकी वर्षं ज्यांना फक्त इस्त्रीच्या शर्टात पाहिलं त्यांना असं पाहून आत्याच अवघडली. साहेबांनी आनंदाने खुर्ची दिली, चौकशी केली. तिने कागद पुढे केला. साहेबांनी चष्मा लावला, कागद बराच वेळ पाहिला, मग चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

मग म्हणाले, "खरं सांगू? मला नाही कळत हे."

आत्याला वाटलं, चेष्टा करतायत.

"आपल्याकडे वरून नकाशा यायचा," साहेब म्हणाले. "मी तो फळ्यावर उतरवायचो. कुठली वायर कुठे, एवढंच. पुढे गाडीत ती काय करते ते गाडीवाल्यांना माहीत. मला आपलं वाटायचं, तुम्ही बायका रोज हातात घेता, तुम्हाला तरी कळत असणार."

परत येताना जिन्यात आत्या एका पायरीवर थांबली. अठ्ठावीस वर्षं ती समजत होती, की साहेबांना माहीत आहे. साहेब समजत होते, तिला माहीत आहे. मग माहीत होतं तरी कुणाला? खाली कुणीतरी रद्दी बांधत होतं, त्याच्याकडे ती पाहत राहिली. हसावं की काय करावं ते तिला सुचेना. गाड्या तर चालत होत्या. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होते. तिच्या जुडग्यांवरच.

घरी आली ती सरळ मागच्या खोलीत गेली. जुन्या कपाटाची मागची प्लायवूडची फळी तिथे उभी होती. ती तिने व्हरांड्यात आणली, पुसली आणि भिंतीला टेकवून उभी केली. नकाशा कळत नसेल तर निदान फळा तरी करू, असा काहीसा विचार होता. नक्की काय विचार होता, हे तिलाही सांगता आलं नसतं. फळीवर तिने बॅटरीची जागा खडूने आखली, मग रिले, मग स्टार्टर, मग चावी. प्रत्येक जागी खिळे ठोकले आणि आकडे घातले. हातोडीचा आवाज ऐकून वहिनी डोकावली आणि चहा ठेवून गेली.

फळा उभा राहिला तसे आत्याचे हात जागे झाले. तिने कारखान्यातली तपासणीची युक्ती काढली : छोटी बॅटरी, एक बारका दिवा, दोन मोकळी टोकं. वायरीच्या दोन्ही बाजूंना टोकं लावायची. दिवा लागला म्हणजे वायर आतून धड. एकेक करून तिने सगळ्या विटक्या वायरी तपासल्या, तुटक्या टाकल्या, उरलेल्यांना नव्या रंगाच्या पट्ट्या बांधल्या. मग ती चावीशी खेळली. चावी एक घर फिरवली की पहिलं टोक दुसऱ्याशी जोडलं जायचं, पूर्ण फिरवून धरली की तिसऱ्याशी. रिलेच्या लहान टोकांना वीज दिली की आत टक् असा आवाज व्हायचा आणि त्याची मोठी टोकं एकमेकांना जोडली जायची. तिने ते वीसेक वेळा केलं. टक्, दिवा. टक्, दिवा. म्हणजे बोटाएवढ्या वायरीतून जायला हवी ती मोठी वीज चावीतून जातच नाही. चावी नुसती सांगते, रिले करतो. तिला एकदम वाटलं, अरे, म्हणजे कारखान्यात पहिल्या मजल्यावरच्या त्या काळ्या डब्या ह्याच होत्या. हजारो डब्यांना तिने टोपणं लावली होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फळ्यावरच्या सगळ्या वायरी जागी बसल्या. एक सोडून.

मशीन त्या दुपारीच होडीवरून व्हरांड्यात आणून ठेवलं होतं, आणि ती एक वायर मशीनमधूनच बाहेर येत होती, वरच्या चाकाच्या खालून. पांढरी. ती सध्या मशीनच्या पुढच्या लाल बटणाला लागली होती. बटण दाबलं की मशीन बंद होतं, हे तर घरातल्या मांजरालाही माहीत होतं. भावाच्या मनात होतं, की आता चावी आहेच, तर चालू आणि बंद दोन्ही चावीनेच व्हावं, मोटारगाडीसारखं. लाल बटण काढूनच टाकावं. आत्याने बटण सोडवून आणलं आणि त्याला दिवा लावला.

बटण मोकळं असताना दिवा लागला नाही. दाबलं, तर लागला.

तिने परत केलं. मोकळं, अंधार. दाबलं, उजेड. म्हणजे बटण दाबलं की वायर जोडली जाते. आणि जोडली की मशीन बंद पडतं? जोडल्यावर चालू आणि तोडल्यावर बंद, एवढं एक सूत्र तिला चार दिवसांत जेमतेम हाती लागलं होतं, तेही आता निसटलं. तिने ठरवलं, बटण बिघडलेलं आहे. मग आठवलं, बिघडलेलं कसं, कालच भावाने त्यानेच मशीन बंद केलं. मग दिवा बिघडलाय. दिवा दुसऱ्या वायरीवर लावला, तो नीट लागला. मग मीच बिघडलेय, असं म्हणून तिने हातातलं सगळं खाली ठेवलं.

भाऊ आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. तिने त्याला अडचण सांगायचा प्रयत्न केला. भावाला त्यात अडचणच दिसली नाही. चावी एक घर फिरवल्यावर मधल्या टोकाला वीज येते ना, मग पांढरी वायर त्या मधल्या टोकाला लाव, चावी फिरवली की वीज गेली आणि चालू, काढली की तुटली आणि बंद. गाडीत असंच असतं. ऐकायला ते अगदी बरोबर वाटत होतं. आत्याने पांढऱ्या वायरीला लगही दाबला. फक्त स्क्रू आवळून बॅटरी जोडायची बाकी होती.

"लाव ना," भाऊ म्हणाला. "आत्ताच बघू सुरू करून."

तिचे हात स्क्रूपर्यंत गेले आणि थांबले. कारखान्यात एक नियम होता, जो जोड तपासला नाही तो पुढे द्यायचा नाही. ह्या जोडाची तपासणी तिने केली होती, आणि तपासणीत तो उलटा निघाला होता. का उलटा ते तिला कळत नव्हतं. पण उलटा होता एवढं खरं होतं.

"उद्या," ती म्हणाली.

भावाचं तोंड वाकडं झालं. होडी धक्क्याला नुसती बांधून ठेवण्याचा आणखी एक दिवस वाढला होता. तो चहा न घेताच गेला, आणि ते आत्याला जास्त लागलं.

सकाळी तिने लाल बटण रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि कोपऱ्यावरच्या स्कूटरवाल्याकडे गेली. तो जुन्या दुचाक्या दुरुस्त करायचा, दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली आणि समोर तेलाने काळा झालेला रस्त्याचा तुकडा. हात चाकात अडकलेले, नजर चाकावर, तशातच तो गिऱ्हाइकांशी बोलायचा. आत्याने बटण पुढे केलं आणि विचारलं, की हे दाबल्यावर जोडलं जातं, तरी मशीन बंद कसं पडतं.

"मग कसं पडणार?" तो म्हणाला. "जुन्या स्कूटरचंही तसंच असायचं."

आत्याने सांगितलं, मला वायरी बनवता येतात, बाकी काही कळत नाही, नीट सांगा. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून बाहेर पडलं, तेही एका जवळजवळ अनोळखी माणसापुढे. स्कूटरवाल्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने हात पुसले आणि तो तिच्याकडे वळला.

तुमचं मशीन बॅटरीवर चालत नाही, तो म्हणाला. वरच्या चाकात चुंबक असतं. चाक फिरलं की ठिणगीपुरती वीज ते स्वतःच तयार करतं. आजवर बॅटरी नव्हती, तरी चालत होतंच ना? मग त्याला बंद कसं करायचं? बाहेरून येणारी वीज तोडावी, तर बाहेरून काही येतच नाही. म्हणून त्याच्याच विजेला दुसरी वाट काढून द्यायची. बटण दाबलं की ती वीज ठिणगीकडे जायच्याऐवजी मशीनच्या अंगात उतरते. ठिणगी गेली, मशीन थांबलं.

आत्या ऐकत होती आणि तिला प्रत्येक वाक्य कळत होतं, पण सगळी मिळून डोक्यात बसत नव्हती. तिने हळूच विचारलं, "आणि त्या वायरीला बॅटरीची वीज दिली तर?"

स्कूटरवाला पहिल्यांदा तिच्याकडे रोखून पाहायला लागला. "दिली नाही ना?"

"नाही. अजून नाही."

"आतला ठिणगीचा डबा जळेल. मग चावी फिरवा नाहीतर दोरी ओढा, मशीन ढिम्म. आणि तसा डबा आता शोधत फिरावं लागेल."

आत्या शेजारच्या टायरवर बसली. एक स्क्रू. एका स्क्रूने काल संध्याकाळी भावाचं मशीन कायमचं गेलं असतं, आणि तिच्या हाताने.

घरी येऊन तिने आधी काय केलं असेल, तर कात्री घेऊन पांढऱ्या वायरीचा तो लग कापून टाकला. भाऊ जेवायला आला होता, त्याने ते पाहिलं.

"कालच लावलास ना तो?"

"चुकलं माझं."

भाऊ घास हातातच धरून बघत राहिला. ताईचं वायरीत चुकतं, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. मग आत्याने त्याला सगळं सांगून टाकलं. साहेब, मटार, स्कूटरवाला, सगळं. आणि शेवटी हेही, की मला यातलं काही कळत नाही, कधीच कळत नव्हतं. भावाला आधी वाटलं, ती रागावून बोलतेय. मग वाटलं, तब्येत बरी नाही. शेवटी त्याने भाबडेपणानेच विचारलं, "मग अठ्ठावीस वर्षं काय करत होतीस?"

"रंग बघत होते," आत्या म्हणाली.

भावाला आपण काय बोलून गेलो ते उशिरा कळलं आणि तो ताटाकडे बघत बसला. वहिनी दारात उभी होती. ती आत आली, आत्याच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे आज एक तरी कळलं ना? मग पांढरीचं काय करायचं ते सांगा. ह्यांचा दुसरा खांदा जायच्या आत."

पांढरीचं करायचं काहीच नव्हतं. ती होती तिथे, लाल बटणाला परत लावायची आणि चावीला तिचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. चावी फक्त सुरू करणार, बटण फक्त बंद करणार. आत्याने चावीच्या मधल्या टोकाला पट्टी गुंडाळून ते बुजवून टाकलं. इतकं सोपं असेल, असं तिला वाटलं नव्हतं, आणि सोपं निघाल्यामुळे ती उलट जास्त घाबरली. आणखी कुठे काहीतरी उलटं असणारच, अशी पाल मनात चुकचुकत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन अंगणात आणलं. लाकडी घोडीवर टांगलं, खाली पाण्याने भरलेलं पिंप ठेवलं, पंखा पाण्यात बुडवला. आत्याने फळ्यावरून वायरी उतरवल्या आणि त्याच क्रमाने मशीनवर चढवल्या. बॅटरीची जाड काळी वायर मशीनच्या अंगाला, जाड लाल रिलेला. भावाने चावी फिरवली.

टक्. आणि पुढे काही नाही.

परत फिरवली. टक्. भावाने आत्याकडे पाहिलं, आत्याने फळ्याकडे पाहिलं, फळ्यावर आता नुसते खिळे होते. तिने दिवा लावून एकेक जोड पुन्हा तपासला. सगळे बरोबर. तरी मशीन ढिम्म. सगळं बरोबर असून चालत नाही, म्हणजे नेमकं काय बरोबर नाही, असं म्हणत तिने पुन्हा पहिल्या जोडापासून सुरुवात केली. अंगणात तासभर नुसतं टक् टक् चाललं होतं.

संध्याकाळी स्कूटरवाला दुकान बंद करून आला. बोलावलं नव्हतं, पण बटणवाल्या बाईंचं काय झालं ही उत्सुकता त्याला स्वस्थ बसू देईना. त्याने चावी एकदाच फिरवली, टक् ऐकलं, आणि काळी वायर मशीनला जिथे लावली होती तिथे नखाने खरवडलं.

"आत्या, तुमच्या मशीनला अर्थच नाही," तो म्हणाला.

"ते मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय," वहिनी म्हणाली.

त्याला म्हणायचं होतं ते वायरीतलं अर्थ, म्हणजे अर्थिंग. फिटरने मशीनला नवा रंग मारला होता, आणि आत्याने काळी वायर त्या रंगावरच आवळली होती. दिव्यापुरती वीज कडेच्या एखाद्या ओरखड्यातून जायची, म्हणून तपासणीत उजेड पडायचा. पण स्टार्टरला हवी ती भरपूर, आणि तिला परतीची वाटच नव्हती. आत्याने स्वतः पॉलिश पेपर घेतला आणि तो रुपयाएवढा गोल घासून घासून चकचकीत केला. स्टार्टरच्या बुडाखालीही घासला. वायर परत आवळली.

भावाने चावी फिरवली. स्टार्टर घुर्रकन फिरला, मशीनने एक ठसका दिला आणि धडधडत सुरू झालं, आणि त्याच क्षणी पिंपातलं पाणी उसळून वर आलं. मशीन गियरमध्ये होतं. पंख्याने निम्मं पिंप अंगणात फेकलं, उरलेलं बरंचसं वहिनीवर. घोडी नाचायला लागली. भाऊ चावी उलटी फिरवत होता, पुन्हा पुन्हा फिरवत होता, आणि मशीन काही थांबत नव्हतं.

"बटण," आत्या म्हणाली, आणि कुणाला काही कळायच्या आत तिने पुढे होऊन लाल बटण दाबून धरलं. मशीन थांबलं.

वहिनीच्या पदरातून पाणी निथळत होतं. ती हसत होती की रडत होती, ते कळत नव्हतं. स्कूटरवाल्याने नकाशा मागितला आणि कोपऱ्यातल्या त्या बिननावाच्या चौकोनावर बोट ठेवलं. हा कुठे आहे, म्हणाला. तो चौकोन म्हणजे एक छोटा स्विच होता. मशीन गियरमध्ये असलं तर चावीचं म्हणणं रिलेपर्यंत पोचूच द्यायचं नाही, हे त्याचं काम. भंगारवाल्याकडे तो राहून गेला होता. भाऊ दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन आला. आत्याने फळ्यावर आणखी दोन खिळे ठोकले, आधी तिथे लावून पाहिला, मग मशीनवर. तो कुठे बसतो, कशाला बसतो आणि नसला तर काय होतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

होडी पाण्यात गेली त्या सकाळी शाळेच्या बाई होत्या, टपालाची थैली होती आणि एक पाहुणा होता. आत्या कधी होडीत बसायची नाही, त्या दिवशी बसली, मागे, मशीनजवळ. भावाने चावी फिरवली. पहिल्याच झटक्याला मशीन सुरू झालं. धक्क्यावर बसलेल्यांनी माना वळवून पाहिलं. भावाने उजवा हात झोळीतच ठेवला होता.

पात्राच्या मध्यावर आल्यावर आत्याने वाकून लाल बटण दाबलं.

आवाज एकदम थांबला. होडी आपल्या अंगाने थोडी पुढे गेली आणि प्रवाहात तिरपी व्हायला लागली. होडीच्या कडेला पाण्याचा चपचप आवाज येत होता. शाळेच्या बाईंनी पर्स छातीशी धरली आणि विचारलं, काही बिघडलं का.

"नाही नाही, तपासणी आहे," भाऊ म्हणाला आणि आत्याकडे डोळे वटारून पाहिलं.

आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. चावी तिच्या बोटांत होती. कुठली वायर आता जागी होणार, कुठून कुठे काय धावणार, मग टक्, मग स्टार्टर, मग वरचं चाक, मग चाक स्वतःचं स्वतः, हे तिने मनात एकदा चालवून पाहिलं. पांढरीपाशी आल्यावर नेहमीप्रमाणे थोडं अडखळायला झालं. मग तिने चावी फिरवली आणि मशीन सुरू झालं.

तिने परत बटण दाबलं.

"ताई, पुरे आता," भाऊ म्हणाला. "बाईंची शाळा आहे."

"एकदाच," आत्या म्हणाली, आणि तिने पुन्हा चावी फिरवली.